अकुतानच्या दलदलीतले विमान

६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. दुसऱ्या महायुद्धाची झळ आपल्या पूर्व किनाऱ्याला अशी थेट लागली. ती विमाने आली होती ‘र्‍युजो’ या जपानी विमानवाहू जहाजावरून. जेमतेम दोन महिन्यांनी हेच जहाज हजारो मैल दूर, अलास्कालगतच्या अल्यूशियन बेटांच्या धुक्यात होते आणि त्याच्यावरून उडालेले एक लढाऊ विमान परत आले नाही. मला जहाजापेक्षा त्या एका विमानाच्या हकिकतीचे कुतूहल अधिक आहे. तिच्याभोवती एक दंतकथा वाढली आहे आणि तिचा भार दोन माणसांवर विनाकारण पडला आहे, असे माझे मत आहे.

हे विमान मित्सुबिशीचे ‘झीरो’, क्रमांक ४५९३. फेब्रुवारी १९४२मध्ये ते नागोयात तयार झाले. इ.स. १९४० म्हणजे जपानी कालगणनेचे २६०० वे वर्ष. त्यातल्या शेवटच्या शून्यावरून या जातीला ‘झीरो’ नाव पडले. जिरो होरिकोशी या अभियंत्यापुढे पेच होता तो इंजिनाचा. निवडलेले इंजिन हजार अश्वशक्तीचेही नव्हते, आणि नौदलाला तर लांब पल्ला व चपळाई दोन्ही हवे होते. उपाय एकच, वजन घटवणे. म्हणून वैमानिकाच्या पाठीशी चिलखती पत्रा नव्हता; गोळीचे भोक आपोआप बुजवणाऱ्या इंधनटाक्याही नव्हत्या. पहिल्या काही महिन्यांत या हलक्या विमानाने पॅसिफिकचे आकाश गाजवले. वळणांच्या झुंजीत त्याच्यापुढे दोस्तांच्या विमानांचा टिकाव लागेना.

४ जून १९४२ रोजी १९ वर्षांचा तादायोशी कोगा हे विमान घेऊन डच हार्बरच्या अमेरिकी तळावर चालून गेला. सोबत एंदो आणि शिकादा हे दोन साथीदार होते. जमिनीवरून झालेल्या गोळीबारात कोगाच्या विमानाची तेलाची नळी तुटली आणि तेलाची धार मागे राहू लागली. तेल संपले की इंजिन अडकणार, हे उघड होते. अशा प्रसंगासाठी सुमारे ४० किलोमीटरवरचे निर्जन अकुतान बेट आधीच नेमून दिले होते. उतरलेल्या वैमानिकाला उचलण्यासाठी पाणबुडीही ठेवली होती.

वरून पाहता तिथे सपाट हिरवे कुरण दिसत होते. कोगाने चाके खाली काढली. पण गवताखाली दलदल होती. चाके टेकताच रुतली, विमान नाकावरून उलटले आणि पाठीवर पडले. पोटावर उतरवले असते तर कदाचित घसरत जाऊन थांबले असते. कोगाचा तिथेच अंत झाला.

वर दोघे घिरट्या घालत होते. शत्रूच्या हाती पडू शकेल असे झीरो गोळ्या घालून नष्ट करायचे, असा हुकूम होता. पण कोगा आत जिवंत असला तर? दोघांनीही बंदुकीचा घोडा दाबला नाही. ते जहाजाकडे परतले. पाणबुडीलाही कोगा सापडला नाही.

१० जुलैला गस्तीवरच्या अमेरिकी कॅटलिना विमानातून हे उलटे पडलेले झीरो दिसले. कोगाला जवळच पुरण्यात आले. विमान चिखलातून काढून जहाजाने सान दिएगोला नेले. शेपटीचा दांडा, पंखांची टोके, काचेचे छत अशी दुरुस्ती झाली आणि २० सप्टेंबरला एडी सँडर्स या नौदल अधिकाऱ्याने ते उडवले. तोवर र्‍युजोच समुद्रतळाशी गेले होते. ऑगस्टमध्ये सॉलोमन बेटांजवळ ते बुडाले. १५ ऑक्टोबरपर्यंतच्या २४ उड्डाणांत सँडर्सला झीरोची दुखरी नस सापडली. ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे पंखांवरच्या झडपा इतक्या जड होत की विमान कुशीवर वळवणे कठीण जाई. उजवीकडे तर डावीकडच्यापेक्षा अधिक. नाक एकदम खाली दाबले की कार्बुरेटरला इंधन मिळेना आणि इंजिन बंद पडे. मग अमेरिकी वैमानिकांना सल्ला मिळाला, झीरो पाठीशी लागला तर वेगाने खाली सूर मारा आणि उजवीकडे वळा.

इथून दंतकथा सुरू होते. या विमानावरून अमेरिकेने ‘हेलकॅट’ बनवले आणि युद्ध जिंकले, असे वारंवार सांगितले जाते. तारखा मात्र वेगळे बोलतात. हेलकॅटचा पहिला नमुना २६ जूनलाच उडाला होता. झीरो सापडले त्यानंतर दोन आठवड्यांनी. झीरोला जोडीने तोंड देण्याचा जॉन थॅच यांचा डावपेच तर त्याहून जुना. केवळ आलेल्या अहवालांवरून तो रचला होता आणि कोगा पडला त्याच ४ जूनला मिडवेच्या लढाईत वापरलाही गेला. त्या एका दिवशी जपानने मिडवेला चार मोठी विमानवाहू जहाजे गमावली, ती काही या विमानामुळे नव्हे.

मग ४५९३ने दिले काय? माझ्या मते, खात्री. ऐकीव गोष्टींच्या जागी मोजलेले आकडे आले आणि ‘अजिंक्य’ म्हणून बसलेली धास्ती ओसरली. झुंजीत उतरणाऱ्या पोरसवद्या वैमानिकासाठी ही मदत लहान नव्हती. पण उणिवा दलदलीत जन्मल्या नव्हत्या. त्या कमी ताकदीच्या इंजिनातून आणि वजनाच्या काटकसरीतून आल्या होत्या आणि जपानकडे त्याहून सरस विमान वेळेवर, पुरेशा संख्येने आलेच नाही.

या विमानाचा शेवटही जमिनीवरच झाला. फेब्रुवारी १९४५मध्ये सान दिएगोच्या तळावर ते धावपट्टीकडे जात असताना मागून आलेले एक हेलडायव्हर त्यावर आदळले आणि त्याच्या पंख्याने झीरोचे शेपटीपासून तुकडे केले. आतला वैमानिक बचावला. काही तबकड्या तेवढ्या उरल्या. शिकादा मात्र युद्धातून जिवंत परतला. त्याने आणि एंदोने हुकूम मोडला हे खरेच; पण त्यामुळे साम्राज्य बुडाले, असे म्हणायला या तारखा वाव देत नाहीत. मित्र कदाचित जिवंत असेल म्हणून त्यांनी गोळी झाडली नाही, इतकीच ती गोष्ट आहे.