पाटणचा पावसाळा, वळणी आणि विजेचा ड्रायर

सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेल्या पाटण तालुक्यात कपडे वाळवणे हे उन्हाळी-हिवाळी दिवसांत काम म्हणून गणलेच जात नसे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मात्र घरातल्या बायकांचा मोठा वेळ त्यातच जाई. तालुक्याच्या पश्चिमेस, कोयनानगर व नवजा या पट्ट्यात, वर्षाकाठी सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेकडे कराडच्या दिशेने तो झपाट्याने घटत जातो. त्यामुळे खालच्या गावांत सोप्यावरचा वारा पुरत असे, तर हेळवाकच्या बाजूला धग लावल्यावाचून लुगडे वाळत नसे.

ती धग चुलीची होती. चुलीच्या वरच्या बाजूस आडवी टांगलेली बांबूची काठी किंवा दोरी, म्हणजे वळणी, हेच वाळवण्याचे मुख्य साधन होते आणि कापडाला धुराचा वास लागणे हा त्याचा गृहीत धरलेला दंड होता. जेथे सोवळे पाळले जाई तेथे त्याची वळणी वेगळी व हात न पोहोचेल इतकी उंच असे, आणि कापड काठीने वर चढवले जाई. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर टोपली पालथी घालून तीवर बाळाची दुपटी सुकवली जात. रानात जाणाऱ्याने इरले, म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले आच्छादन, किंवा घोंगडी पांघरून भिजणारे कापडच कमी करण्याचा शहाणपणा दाखवला होता. जॉर्ज सॅम्पसन यांनी अमेरिकेत १८९२ मध्ये कपडे वाळवण्याच्या ज्या साधनाचे पेटंट घेतले, तेही स्टोव्हजवळ कपडे टांगण्याची चौकटच होती. तत्त्वाच्या दृष्टीने ती या वळणीहून फारशी पुढे गेलेली नव्हती.

या भागातल्या विजेची गोष्ट कोयनेच्या खोऱ्यात सुरू झाली, पण ती येथल्या घरांसाठी नव्हे. कोयना धरणाने अडवलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेस नेऊन कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडले जाते. तेथील पहिले जनित्र १९६२ मध्ये सुरू झाले आणि त्या विजेचे मोठे गिऱ्हाईक मुंबई होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, तेव्हा मुंबईचे कारखानेही थबकले, यावरून हे अवलंबित्व किती होते ते कळते. ज्या गावांनी या धरणाच्या शिवसागर जलाशयासाठी जमिनी दिल्या, त्यांच्या शेजाऱ्यांना मिळणारी वीज मात्र थेट धरणावरून येत नाही. ती राज्याच्या जाळ्यात मिसळून, उपकेंद्रे, रोहित्रे आणि जंगलातून गेलेल्या तारा ओलांडून घरात पोहोचते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत दोन टबांचे धुलाई यंत्र रुळले आणि त्यातील दुसऱ्या टबाला लोक ड्रायर म्हणू लागले. हा टब वेगाने फिरून कपड्यातील पाणी बाहेर फेकतो, तो उष्णता देत नाही. म्हणून पाटणसारख्या ठिकाणी त्याच्यामुळे वळणी गेली नाही, तिच्यावरचे कपडे टिपटिपायचे तेवढे थांबले. उष्ण हवा सोडणारा खरा विजेचा ड्रायर साधारणपणे दोन किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो आणि त्याला जाड पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट लागते, त्यामुळे तो अजूनही थोड्याच घरांत आहे.

धुलाई यंत्राचा हा फिरणारा टब सुरू होत नसेल तर दोषाचा शोध यंत्रापासून नव्हे, तारेपासून सुरू करावा लागतो, आणि पावसात झाडे तारांवर पडणाऱ्या या भागात तो क्रम विशेष खरा ठरतो. विजेचा दाब कमी असला की दिवा मंद का होईना लागतो, पण मोटर उठत नाही. कारण अशा मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो आणि २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट आले तर तो सुमारे साठ टक्क्यांवर येतो. दाब ठीक असूनही मोटर नुसती घुमत राहिली, तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरुवातीची चाल देणाऱ्या भागावर, किंवा अडकलेल्या ब्रेकवर जातो. टब हाताने सहज फिरला तर ब्रेक मोकळा आहे असे समजावे, मात्र त्याआधी प्लग काढलेला असला पाहिजे. काहीच आवाज आला नाही तर प्लग, फ्यूज, टायमर आणि झाकणाची कळ यांची पाळी येते. ही कळ झाकण नीट बसल्याशिवाय प्रवाह जाऊ देत नाही आणि दमट हवेत तिच्या टोकांवर गंज चढून ती निकामी होते. उष्ण ड्रायरमध्ये दाराच्या कळीखेरीज तापमान वाढल्यास जळणारा फ्यूजही असतो. त्याच्या जळण्यामागे बहुधा धाग्यांच्या कोंड्याने बुजलेली जाळी असते, म्हणून जाळी साफ न करता नवा फ्यूज घातल्यास तोही जळतो. गंजलेली कळ वगळून तिच्या दोन तारा कायमच्या जोडण्याची पळवाट काही ठिकाणी रूढ आहे आणि ती सर्वस्वी निषिद्ध मानली पाहिजे, कारण मग झाकण उघडल्यावरही टब मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांनी फिरत राहतो आणि कपड्यात अडकलेला हात सोडवायला वेळ मिळत नाही.