परळचा फोटो

मी दर्यापुरात एक्स-रे तंत्रज्ञ होतो, फिल्मच्या काळात. अंधाऱ्या खोलीत आधी डेव्हलपर, मग हायपो, मग धुणं. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. त्या पाण्यानं धुतलेली फिल्म वाळली की तिच्यावर क्षाराचे पांढरे ठिपके उरत, आणि छातीच्या फोटोतला कोणता ठिपका पाण्याचा हे मी डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवी. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक विचारत, "भाऊ, फोटोत काई दिसते का जी?" कर्करोगावर आता जनुकीय उपचार निघाला असं वाचलं, तेव्हा माझ्याही मनात हाच प्रश्न आला. जनुक बदलून शरीरात सोडलेल्या पेशी काम करताहेत की नाही, हे बाहेरून दिसतं कसं?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर मुंबईतल्या परळमध्ये घडत गेलं. टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं, आणि 1962 साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. कर्करोगाचं रुग्णालय अणुशास्त्रज्ञांच्या हाती देणं हा माझ्या मते आपल्या वैद्यकातला फार दूरदृष्टीचा निर्णय होता. 1963 मध्ये टाटाच्याच आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. तुर्भ्याच्या अणुभट्टीतली किरणोत्सारी द्रव्यं रुग्णाच्या पोटात जाऊ लागली आणि आजाराचा ठाव सांगू लागली. एक्स-रे अवयवाचा आकार दाखवतो. या द्रव्यांनी अवयवाचं काम दाखवलं.

2002 साली तिथं देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन चालू झाला आणि पेट स्कॅन आला. त्यासाठी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखर हावरटासारखी ओढतात, म्हणून त्या जागा चित्रात उजळतात. हे फ्लोरिन दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं अकरा तासांत आमच्या मूर्तिजापूर स्टेशनावर आणलं, तर चौसष्टावा हिस्सा हाती लागेल. औषध आमच्याकडे येऊ शकत नव्हतं, म्हणून माणसं तिकडे गेली.

माझ्या मावसभावाला लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग, झाला तेव्हा आम्हीही गेलो. मूर्तिजापूरला गाडी धरली, सकाळी दादरला उतरलो आणि गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातलं. त्यांच्या नावाच्या त्या इमारतीत वऱ्हाडी बोली कानावर पडली आणि मावशीच्या जिवात जीव आला. भावाला उपाशीपोटी ठेवलं, रक्तातली साखर तपासली, सुई दिली आणि तासभर बोलू न देता निजवलं. हालचाल केली की स्नायूही साखर ओढतात आणि चित्र फसवं येतं. हे कारण त्याला तिथंच समजावून सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं.

जनुकाचाच फोटो काढायचे प्रयत्न तोवर परदेशात सुरू झाले होते. जर्मनीतल्या कोलोनच्या डॉक्टरांनी 2001 मध्ये मेंदूच्या कर्करोगाच्या पाच रुग्णांत हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचं एक जनुक सोडलं आणि ते कुठं जागं झालं हे पेटनं शोधलं. पाचांपैकी एकाच रुग्णात खूण दिसली. अंबाल्यात जन्मलेले संजीव 'सॅम' गंभीर अमेरिकेत याच विद्येच्या मागे होते. 2009 साली त्यांच्या चमूनं मेंदूच्या कर्करोगाच्या एका रुग्णात सोडलेल्या, जनुक बदललेल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थेट चित्रात दाखवल्या. पुढं 2015 मध्ये त्यांचा कोवळा मुलगा मेंदूच्याच कर्करोगानं गेला, आणि 2020 मध्ये गंभीरही कर्करोगानंच गेले.

आपली पाळी 4 जून 2021 रोजी आली. टाटाच्या खारघर केंद्रात, आयआयटी मुंबईच्या राहुल पुरवारांच्या प्रयोगशाळेत विकसित झालेली कार-टी उपचारपद्धती पहिल्या रुग्णाला दिली गेली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत विषाणूच्या आधारे नवं जनुक घालतात, म्हणजे त्या कर्करोगाच्या पेशींवरची सीडी-19 ही खूण ओळखतात. ऑक्टोबर 2023 मध्ये नेक्सकार-19 या नावानं तिला परवानगी मिळाली. किंमत परदेशातल्या उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी, तरी कापूस-तुरीच्या घराला ती लाखांतली रक्कम जड आहेच. 64 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. परिणाम मोजता आलेल्यांपैकी 73 टक्क्यांना गुण आला होता.

लिम्फोमाच्या रुग्णात हा गुण जोखण्याचं मुख्य साधन पेटच आहे. नेहमीच्या पेटमध्ये त्या टी-पेशी वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यांनी केलेलं काम दिसतं. गाठीची चमक यकृताच्या चमकेशी ताडून एक ते पाच असे गुण देतात. साधारण महिन्यानं एक स्कॅन आणि तिसऱ्या महिन्यात दुसरा. यात एक मेख आहे. टी-पेशी गाठीवर तुटून पडल्या की सूज येते, आणि सूजही साखर ओढते. म्हणून पहिल्या चित्रात गाठ कधी कधी जास्तच उजळलेली दिसते. घरची माणसं तिथंच हाय खातात. दुसरीकडे, ताप उतरला, भाकर गोड लागली की तिसऱ्या महिन्याचा स्कॅन टाळणारेही मी पाहिले आहेत. कपाशी वेचणीला आली, गाडीभाडं नाही, अशी कारणं असतात, आणि ती खरीच असतात.

आता पेटसाठी मुंबईच गाठावी लागत नाही, नागपुरातही सोय आहे. तेव्हा दर्यापूर-अंजनगावच्या माझ्या लोकांना हात जोडून सांगतो: पहिल्या चित्रावरून आशा सोडू नका, आधीच्या स्कॅनची सीडी आणि अहवाल सांभाळून ठेवा, आणि डॉक्टरांनी दिलेली पुढच्या स्कॅनची तारीख चुकवू नका.