जुन्या टोपोशीटवरील मुरगाव, बेळगाव आणि निपाणी

सीमाभागाच्या चर्चेत जुने नकाशे पुरावा म्हणून पुढे केले जातात. परंतु नकाशातील प्रत्येक रेषा ही सरहद्द नसते, हे पुष्कळदा नजरेआड होते. मुरगाव द्वीपकल्पाचे इंग्रजी अमदानीतील टोपोशीट या दृष्टीने उद्बोधक आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाने विसाव्या शतकाच्या आरंभी अक्षांश-रेखांशांनुसार पत्रकांना क्रमांक दिले. एक इंचास चार मैल या प्रमाणाच्या पत्रकात एक अंश लांबीरुंदीचा मुलूख येतो. जुवारीच्या मुखाशी समुद्रात घुसलेले मुरगाव ४८ ई या पत्रकात, तर बेळगाव शेजारच्या ४८ आयमध्ये सापडते. निपाणीसाठी मात्र ४७ एल उघडावे लागते, कारण १६ अंश उत्तर अक्षवृत्त या दोन गावांच्या मधून जाते. एकाच जिल्ह्यातील, मराठी, कानडी आणि उर्दू कानी पडणाऱ्या या गावांना तोडणारी ही रेषा केवळ सर्वेक्षकांच्या सोयीची आहे.

खरी सरहद्द पाहायची तर मुरगाव बंदरातून घाट चढून कॅसलरॉककडे येणारा, १८८८ साली पूर्ण झालेला लोहमार्ग पाहावा. तो पोर्तुगीज मुलखातून ब्रिटिश मुलखात येई. ती सरहद्द डिसेंबर १९६१ मध्ये लोपली. बेळगाव जिल्हा तर नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यापूर्वीच्या पत्रकात आजच्या वादाची रेषा शोधणे व्यर्थ होय. भाषा टोपोशीटवर नोंदलेलीच नसते. तिच्यासाठी जनगणनेकडेच वळावे लागते.

या पत्रकांचा पाया म्हणजे लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभलेली मोजणी. तिच्यामुळे दक्षिण द्वीपकल्पाची रुंदी आधीच्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी असल्याचे उघड झाले. पुढे एव्हरेस्टच्या कारकिर्दीत मोजणीची उपकरणे दुरुस्त करण्याचे नाजूक काम अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी सांभाळले. एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले. या कारागिराचे नाव क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळते, ही खेदाची बाब आहे.

किनारी प्रदेशाची टोपोशीट स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ निर्बंधित वर्गात होती. २००५ चे राष्ट्रीय नकाशा धोरण आणि २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे यांनी वाट बरीच मोकळी केली. नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत. म्हणून दाखला देताना पत्रकाचा जुना क्रमांक, मोजणीचे वर्ष आणि छपाईचे वर्ष ही तिन्ही लिहावीत. मोजणी आणि छपाई यांच्यात कधीकधी बरीच वर्षे गेलेली असतात.