धान्यपेढी ते सोसायटी : तीन पिढ्यांचा जमाखर्च

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा इतिहास लिहा' असे सांगितले. जन्म बँकेत लेजर लिहिण्यात गेला, त्यामुळे इतिहासही मी जमाखर्चासारखाच मांडणार. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला, तो पतसंस्थांपुरताच होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी होते. १९०६ साली शामराव विठ्ठल बँकेचा पाया घालणारे ते हेच. आधी पतपेढी, मग घरे, असा हा क्रम आहे. एकमेकांच्या पैशाला जामीन राहणारी माणसे पुढे एका छपराखाली राहू लागली. आपल्या सोसायटीची नोंदणी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली झाली, पण तिचे मूळ इतके जुने आहे.

मुरबाडकरांना त्यासाठी गावदेवीपर्यंत जायचीही गरज नाही. पाऊस सरला की आपल्या गच्चीवरून आग्नेयेला सह्याद्रीची रांग दिसते. सिद्धगड त्यातलाच. २ जानेवारी १९४३ ला तिथे वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जातात, आपल्यातलेही काही जातात. कोतवालांचा आझाद दस्ता सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी माथेरानच्या या वकिलाने शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या काढल्या होत्या, हे मात्र पोरांना सांगावे लागते. पावसाळ्यात कणगी रिकामी व्हायची, सावकाराकडून भात उचलायचे आणि हंगामाला वाढीव मापाने फेडायचे, अशी तेव्हाची तऱ्हा. धान्यपेढीचे तत्त्व अगदी साधे : घरात आहे तेव्हा ठेवा, नाही तेव्हा न्या. बँकिंगचा याहून सोपा धडा मला तरी ठाऊक नाही.

आता आपले खाते उघडू. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा बहुतेक सभासद चाळिशी-पंचेचाळिशीतले. कोणी शिक्षक, कोणी एमआयडीसीत, कोणी एसटीत. गावात आवणीला एकमेकांच्या शेतावर जाण्याची सवय होती, ती इथेही आली. टँकर आला की सगळ्यांनी बादल्या धरायच्या. दोघेही नोकरीला जाणाऱ्यांची मुले शेजारच्या आजींकडे जेवायची, तिथेच झोपायची. त्या आजींना पगार नव्हता आणि कोणी हिशेबही ठेवला नाही.

गंमत म्हणजे हीच गोष्ट डेन्मार्कच्या लोकांनी मुद्दाम ठरवून केली. मुलांना शंभर आईबाप असावेत, अशा आशयाचा लेख बोडिल ग्रो या लेखिकेने १९६७ साली लिहिला. त्या विचारातून १९७२ च्या सुमारास सेटेडॅमन ही २७ घरांची वसाहत झाली. घर ज्याचे त्याचे, पण मोठे सामाईक घर सगळ्यांचे, तिथे एकत्र जेवण. आपल्याकडे चाळीच्या गॅलरीने हेच काम विनाखर्च केले.

आता उधारीची बाजू. त्या वेळी पंचेचाळीस वर्षांचे होते ते आज सत्तरीत आहेत. जिने मात्र तेवढेच आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी गुडघ्यांमुळे गणपतीनंतर खाली उतरलेल्या नाहीत. गणपतीतसुद्धा मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून आणले, हे त्या मुलांचे भूषणच. पण माणसाला रोज खुर्चीतून उतरवता येत नाही, आणि रोज कोणाला सांगायचे हा संकोच गुडघ्यापेक्षा जास्त दुखतो.

लिफ्टचा विषय दोन वार्षिक सभांत निघाला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. खालचे म्हणतात, 'आम्ही वापरणार नाही, मग पैसे का भरायचे?' तरुण म्हणतात, 'पुढे पुनर्विकास होणारच आहे, तेव्हा लिफ्ट येईल.' दोन्ही म्हणणी व्यवहाराची आहेत, मी त्यांना नावे ठेवत नाही. पण पुनर्विकासासाठी ठराव, विकासक, परवानग्या, मग भाड्याच्या घरात काढायची वर्षे. तीस वर्षांच्या माणसाला ती थोडी वाटतात. पंचाहत्तरीच्या माणसाला तेवढी मुदत कोणती बँक देईल?

मी स्वतः तळमजल्यावर राहतो. लिफ्टचा मला उपयोग नाही. तरीही माझा हिस्सा भरायला मी तयार आहे, कारण ज्या आजींनी माझी मुले सांभाळली त्या वरच्याच मजल्यावर राहत होत्या. त्यांनी ठेव ठेवली, आम्ही ती उचलली. त्या आता नाहीत, पण देणे संपले असे कुठल्या वहीत लिहिले आहे? ते त्यांच्या जागी आज जे म्हातारे आहेत त्यांना फेडायचे. आज पंचेचाळिशीत असणारे आणखी पंचवीस वर्षांनी त्याच पेढीवर येतील.

म्हणून व्यवस्थापक समितीला माझी विनंती : येत्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय 'आयत्या वेळचे विषय' म्हणून नको, क्रमांक एकवर घ्यावा. आधी इंजिनिअरकडून जागा व इमारतीची ताकद तपासून घ्यावी, तीन कोटेशने मागवावीत, आणि सिंकिंग फंडाला हात लावायचा तर तसा रीतसर ठराव मांडावा. सभा खाली आवारात घ्यावी. वरच्यांना आणायला मुले आहेतच.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.