सोंगाड्याचा अधिकार

आपल्या संग्रामपूरच्या नावातच संग्राम आहे. लोकशाहीतला संग्राम मात्र शब्दांनी लढायचा, आणि विनोद हे त्यातले जुने हत्यार.

तमाशाच्या वगात राजाला तोंडावर खरे सुनावण्याची मुभा सोंगाड्याला असते. वसंत सबनीसांच्या १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी तीच वापरली. गोष्ट राजाची, टोमणे मात्र चालू राजकारणाला.

पुढे २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, माणसे दबक्या आवाजात बोलू लागली. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे आणीबाणीविरुद्ध प्रचारसभांत उभे राहिले. लेखणीचा विनोद व्यासपीठावर आला आणि सभा हसू लागल्या. शेजारचाही हसतोय हे दिसले की माणसाची भीती ओसरते. सत्ता बदलली, पु. लं.नी मात्र तीत वाटा घेतला नाही, ते आपल्या लेखनाकडे परतले.

दुबळ्याला हसणे ही टवाळी. सत्तेला हसणे हा सोंगाड्याचा अधिकार. तो टिकवायचा तर सोंगाड्याने स्वतः गादीवर बसू नये.