साष्टी : राजे बदलले तेव्हा

कसाऱ्याहून निघालेली लोकल कळवा सोडते आणि खाडीवरचा पूल ओलांडून ठाण्यात शिरते. हा प्रवास रोज करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते की, त्या क्षणी आपण एका बेटावर आलो. बेटाचे नाव साष्टी. 'षट्षष्टी', म्हणजे सहासष्ट गावे, यावरून ते आले असे मानतात. १८५४ साली खाडीवरून रूळ गेले आणि बेटपण नकाशापुरते उरले.

या प्रदेशाविषयीचा मराठीतला जुना ऐवज म्हणजे 'महिकावतीची बखर'. तिचा काही भाग शके १३७० मध्ये, म्हणजे इ.स. १४४८ च्या सुमारास, केशवाचार्याने रचला. राजवाड्यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. प्रस्तावनेत त्यांनी असे प्रतिपादले आहे की, इथल्या खेडुताला राज्य कोणाचे याचे सोयरसुतक नव्हते. सरकार देशी असो वा परदेशी, त्याच्या लेखी ती लुबाडणाऱ्यांचीच टोळी. हे मत शिकवताना मी अनेक वर्षे मान डोलावीत आलो. आता तसे होत नाही.

शिलाहार गेले, यादव गेले, गुजरातचे सुलतान आले. हुमायूनच्या धास्तीने बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांना देऊन टाकली. इथवर राजवाड्यांचे म्हणणे खपून जाते. पुढे काय झाले ते बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात पाहावे. पोर्तुगीज अमदानीत या शैव लेण्याचे चर्च झाले; एका भिंतीवरचे शिल्प तासून तिथे क्रूस कोरला गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली, आणि लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली. क्रूस आजही तिथेच आहे. माथ्यावर चर्चचे भग्नावशेषही आहेत. राज्य बदलले की ज्याचा देव बदलतो किंवा हलवावा लागतो, तो माणूस उदासीन कसा राहील?

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुरंदर झाले, १७८२ चा सालबाईचा तह झाला. साष्टी त्यांच्याकडेच राहिली. (त्या किल्ल्यात आज तुरुंग आहे.) शंभरेक वर्षांनी, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून इथल्या स्थानिक ख्रिस्ती समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. नोकरीधंद्यासाठी मुंबईत येणाऱ्या गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, कंपनीच्या काळापासूनचे प्रजाजन, हे त्यांना सरकारच्या नजरेस आणायचे होते. राज्यकर्त्याच्या नावावरून स्वतःचे नाव ठेवणारा समाज राज्यकर्त्याकडे पाठ फिरवून बसलेला नसतो. तो फार सावधपणे त्याच्याकडे पाहत असतो.

आणि तरीही घरातली बोली मराठीच राहिली. चार राजवटींत जे टिकले ते हेच, आणि नेमके तेच आम्ही मराठीचे अध्यापक विसरलो. 'ख्रिस्तपुराण' आम्ही शिकवतो. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या दुसऱ्या साष्टीत, रायतूरला छापले गेले. पण आपल्या उत्तर कोकणच्या मराठीतले, फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश यांचे १६५९ चे पुराण आमच्या वर्गात कधी आले नाही. ते रोमन लिपीत छापलेले आहे. कसाऱ्याच्या लोकलने येणाऱ्या दोघा-तिघांना त्यातले एखादे पान देवनागरीत उतरवायला सांगणार आहे.