‘बॅटरी’ : संज्ञा, बिघाड आणि निदान

यंत्रांच्या इतिहासात शोधकाचे नाव आणि शोधाचे वर्ष यांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे यंत्राच्या बिघाडांना दिले जात नाही. विद्युत्घटाचा इतिहास मात्र बव्हंशी त्याच्या बिघाडांचाच इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याकडे भाषेच्या बाजूने पाहावयाचे आहे. मराठी माणूस ‘सेल संपले’, ‘बॅटरी उतरली’ आणि ‘बॅटरी गेली’ असे तीन निराळे प्रयोग करतो. हे तीन प्रयोग म्हणजे तीन निराळी निदाने होत, आणि त्यांतील भेद पुसट झाल्याने व्यवहारात नुकसान होते, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम मूळ संज्ञेचा विचार करू. ‘बॅटरी’ हा शब्द युद्धशास्त्रातील असून त्याचा अर्थ तोफांची रांग. बेंजामिन फ्रँक्लिनने १७४९ मध्ये विद्युत्भारित काचपट्ट्यांच्या संचास हे नाव दिले. १८०० मध्ये व्होल्टाने जस्त व चांदी यांच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे ठेवून, एकावर एक रचल्या. पुढे हे नाव त्या रचनेकडे गेले. म्हणजे ‘बॅटरी’ हा समूह आणि ‘सेल’ हा त्यातील घटक. शास्त्रीय मराठीतील ‘घटमाला’ व ‘घट’ या संज्ञा हाच भेद अचूक दाखवितात. लोकभाषेने मात्र वेगळी वाट धरली. तिने हातातील विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हटले आणि आतील घटास ‘सेल’. नाव पात्रावरून उपकरणावर सरकले, तरी समूह व घटक यांचा भेद लोकांनी सोडला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आता ‘संपणे’. व्होल्टाच्या रचनेत पुठ्ठे सुकत आणि धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे साचून प्रवाह क्षीण होई. डॅनियलने १८३६ मध्ये मोरचुदाच्या द्रावणाचा उपयोग करून हा दोष घालविला. लक्लांशेने १८६६ मध्ये जस्त, मँगॅनीज डायऑक्साइड आणि नवसागर यांचा घट सिद्ध केला, व १८८६ मध्ये गासनरने त्यातील द्रवाची लापशी करून त्यास कोरडे रूप दिले. या कोरड्या घटात जस्ताचे भांडे हेच इंधनही असते. भांडे खाल्ले जाते, म्हणूनच जुना सेल पाझरतो. अनेक घरांत मंदावलेले सेल उन्हात ठेवण्याची रीत होती. विश्रांतीने व उष्णतेने घट किंचित काळ सावरतो हे खरे; परंतु खर्ची पडलेले जस्त उन्हाने परत येत नाही. ‘संपले’ हे क्रियापद येथे यथार्थ आहे. असे सेल भारित करावयास जाणे धोक्याचे, आणि नव्या सेलांत एखादा जुना मिसळणेही अयोग्य; कारण दुबळ्या घटातून इतरांचा प्रवाह उलटा रेटला जाऊन तो फुटतो वा पाझरतो.

‘उतरणे’ या क्रियापदाची वंशावळ निराळी. प्लांतेने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुनःपुन्हा भरता येणारा घट तयार केला. ताप उतरतो, पूर उतरतो, तसाच हा घटही उतरतो. आणि जे उतरते ते पुन्हा चढू शकते. उतरताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बसते व आम्ल पातळ होते. त्यामुळे घटाची प्रकृती हायड्रोमीटरने वाचता येते : पूर्ण भरलेल्या घटात विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६ ते १.२८, तर रिकाम्या घटात १.१२ च्या आसपास. केटरिंगच्या स्टार्टरमुळे १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीपासून हँडल मारण्याचे कष्ट गेले आणि बॅटरी मोटारीचा अविभाज्य भाग झाली. तेव्हापासून निदानाची एक परंपराच निर्माण झाली.

ती परंपरा थोडक्यात अशी. मोटार सुरू होत नसेल तर आधी टोकांवरचा पांढरा-हिरवा क्षार व सैल जोड पाहावे. विश्रांतीनंतर १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब १२.६ असेल तर ती भरलेली, १२ च्या खाली असेल तर उतरलेली. इंजिन चालू असता दाब १३.८ ते १४.४ पर्यंत न चढल्यास दोष बहुधा बॅटरीचा नसून विद्युत्जनित्राचा वा त्याच्या पट्ट्याचा असतो. विश्रांतीत १२.६ दाखविणारी बॅटरी स्टार्टर फिरविताना ९.६ च्या खाली कोसळली, अथवा सहांपैकी एकाच घटाचे गुरुत्व इतरांहून पुष्कळ कमी आले, तरच ‘गेली’ म्हणावे. उतरलेली बॅटरी महिनोन्महिने तशीच पडली तर सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि ‘उतरली’चे ‘गेली’ होते. भारित करताना प्रवाह क्षमतेच्या दशांशाएवढा, म्हणजे ६० अँपिअर-तासांस ६ अँपिअर, असावा. हायड्रोजन निघत असल्याने जवळ ज्योत नसावी. बदलताना ऋण टोक प्रथम सोडावे व शेवटी जोडावे.

१९७० च्या दशकात पाणी न घालावयाच्या बंदिस्त बॅटऱ्या रूढ होऊ लागल्या व त्यांत हायड्रोमीटर घालण्याची वाट बंद झाली. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टरच्या निमित्ताने डिस्टिल्ड वॉटर पुन्हा घरांत आले खरे. पण १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन घटाने ‘बॅटरी’ या एकाच नावाखाली परस्परविरुद्ध प्रकृती आणल्या. शिशाची बॅटरी सदैव भरलेली ठेवावी. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून उष्ण जागी ठेवल्यास लवकर जीर्ण होते. निकेल-कॅडमियमसाठी दिलेला ‘पूर्ण उतरवून मगच भरा’ हा सल्ला भ्रमणध्वनीच्या लिथियम घटास लावला गेला, तो केवळ नावाच्या ऐक्यामुळे. त्याने त्या घटाचे आयुष्य उलट घटते.

आज ‘चार्जिंग संपले’ या प्रयोगात ‘संपणे’ व ‘उतरणे’ एकत्र झाले आहेत. भाषेत असे संमीलन स्वाभाविक असते, त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु जेथे केवळ क्षार पुसणे पुरेसे होते तेथे बॅटरी टाकून दिली जाते, तेव्हा खर्चाबरोबर विषारी शिसेही फिरू लागते. भारतातील २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे उत्तरदायित्व उत्पादकांवर टाकले आहे. तथापि, हातातील घट संपला, उतरला की गेला, हे ठरविण्याचे काम कोणताही नियम करीत नाही. ते वापरणाऱ्यानेच करावयाचे असते, आणि त्यासाठी लागणारी तिन्ही क्रियापदे त्याच्या भाषेत आधीपासूनच आहेत.